आजच्या पुराव्यावरून

सत्याचा शोध घ्यायला माणसाला एकांत लागतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या बाईंना एकांत चालत नसे. त्यांना दोन माणसं लागत, आणि ती एकमेकांशी बोलत नसतील तर उत्तम. आमच्या कॉलेजात अशा जोड्यांची टंचाई कधीच नव्हती. त्यामुळं सत्यशोधनासाठी याहून सोयीची जागा बाईंना सगळ्या धाराशिव जिल्ह्यात मिळाली नसती.

कॉलेज हायवेला लागून आहे, नळदुर्गच्या थोडं अलीकडं. ट्रकचा हॉर्न वाजला की वाक्य थांबवायचं आणि ट्रक गेला की तिथूनच पुढं न्यायचं, ही आमच्याकडच्या प्राध्यापकांची वक्तृत्वशैली. बाई आहारशास्त्र शिकवत. बी.एस्सी.ला अन्नरसायनाचा एक पेपर त्यांनी मला शिकवला आणि पुढं मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो. विद्यार्थ्यांसमोर त्या मला 'सर' म्हणत, एरवी 'पोरा'. माझे केस पिकले तरी त्यात बदल झाला नाही. बदल करावा असा काही पुरावा त्यांच्यापुढं आला नसावा.

त्यांचं खरं काम कॉलेज सुटल्यावर सुरू होई. जगात कुठं ना कुठं कुणीतरी माणसांना हळद, गूळ, पामतेल, अजिनोमोटो असलं काहीतरी खाऊ घालत असतं आणि त्यांचं काय झालं ते छापत असतं. एक छापतो की हे खाल्ल्यानं माणूस तरतो, दुसरा छापतो की मरतो. हे सगळे छापील दावे गोळा करायचे, त्यातले धड पद्धतीनं केलेले किती आणि उरकलेले किती ते बघायचं, आणि मग सगळे मिळून काय म्हणतात ते सांगायचं. याला शास्त्रीय आढावा म्हणतात. बाई असे आढावे करणाऱ्या एका गटात होत्या. बाकीचे सभासद पुण्यात, बंगळुरात आणि परदेशात. ते बाईंच्या घरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत आणि वीज गेली की दिसेनासे होत.

वर्गात बाई हे काम फार सोपं करून सांगत. "एक प्रयोग म्हंजे एक साक्षीदार. आपण कोर्ट. साक्षीदार काय बोलतो ते मागनं. आधी तो शुद्धीवर हाय का बघायचं, आन् कुणाच्या गाडीत बसून आलाय ते बघायचं."

या कामाचा एक नियम असा की प्रत्येक प्रयोग दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा. एकाचं मत दुसऱ्याला कळता कामा नये. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर बोलायचं, तरीही नाही जुळलं तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा. हा नियम जगभर सगळे कागदावर पाळतात. बाईंनी तो आमटीला लावला.

आमटी झाली की एक वाटी ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना जायची आणि एक वाटी आतल्या खोलीत मालकांना. मालक एसटीत कंडक्टर होते, मुळात कमी बोलणारे. दोघांनी मीठ कमी, बरोबर की जास्त ते सांगायचं, मधल्या दारातून खाणाखुणा न करता. मतभेद झाला तर बाई स्वतः चाखून निकाल देत. मी एकदा मालकांना विचारलं, तुम्हाला याचा त्रास होत नाही का? ते म्हणाले, "लग्नाला एवढी वर्षं झाली, सर. आमटी कशी झालीय हे मला एकट्याला कधीच ठरवता आलं न्हाय."

बाईंची ओळख करून देण्याची पद्धतही त्यातलीच होती. पाहुण्यांना म्हणत, "हे आमचे मालक. आजच्या पुराव्यावरून चांगले हायत." हे 'आजच्या पुराव्यावरून' त्यांच्या प्रत्येक ठाम विधानाच्या पुढं किंवा मागं असेच. निकाल कसा लागेल, पाहुणे जेवायला थांबतील का, नवे प्राचार्य कसे आहेत, कशालाही. पुरावा बदलला की त्या मत बदलत आणि तसं सांगतही. नव्या प्राचार्यांच्या बाबतीत त्यांनी ते भर मीटिंगमध्ये सांगितलं.

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या संस्थेचे अध्यक्ष रोज सकाळी आरोग्यविषयक मजकूर टाकतात. त्याखाली स्टाफनं हात जोडायचे असतात. एकदा त्यांनी टाकलं की हळदीनं अमुक आजार मुळापासून बरा होतो असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. भराभर हात जोडले गेले. मग बाईंचा प्रश्न आला : "माणसांवर की उंदरांवर?" अध्यक्षांनी कुणाला तरी विचारून उत्तर दिलं, उंदरांवर. बाईंनी लिहिलं, "उंदीर बरा झाला, आनंद आहे. आपली तब्येत कशी आहे?" त्या दिवशी पुढं कुणीही हात जोडले नाहीत. मालकांनी मात्र अंगठा दाखवला. ते त्या ग्रुपवर कसे होते हे मला अजून कळलेलं नाही.

अशा बाईला लोक साहजिकच विचारत, बाई, मग खावं काय? पालक विचारत, बँकेतले लोक विचारत, एका मयतीत भटजींनी विचारलं. बाई कुणालाही सल्ला देत नसत. "डॉक्टरला विचारा. मी वाचणारी हाय, सांगणारी न्हाय." स्वतः सगळं खात. नळदुर्गला काही कामानं गेलं की ढाब्यावर थांबून शेवभाजी मागवत. वर तेलाचा लाल थर असलेली. जगातल्या झाडून सगळ्या तेलांवरचे आढावे वाचलेली ही बाई तो थर भाकरीनं निपटून घ्यायची. मी एकदा बघत राहिलो तर म्हणाल्या, "बघतो काय पोरा? वाचलं म्हंजे खाऊ न्हाय असं कुठं लिवलंय? काय खाल्लं ते ठावं असलं म्हंजे झालं."

एकदा साखरेऐवजी वापरायच्या कुठल्याशा गोळीचा प्रतिनिधी कॉलेजात व्याख्यान द्यायला आला. टाय होता, पडद्यावर रंगीत आलेख होते, शेवटी सगळ्यांना जेवण होतं. व्याख्यान संपल्यावर बाईंनी हात वर केला. "हे प्रयोग कुणाच्या खर्चानं झाले?" तो म्हणाला, अर्थातच आमच्या कंपनीच्या. "आन् आजचं जेवण?" तेही आमचंच. बाई म्हणाल्या, "मग जेवण आवडलं असं मी सांगितलं तर ते कितपत धराल?" तो हसला. बाई हसल्या नाहीत, पण जेवल्या पोटभर.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

हे आढाव्याचं काम त्यांनी उतारवयात धरलं. तरुणपणी त्यांनी स्वतःच एक प्रयोग केला होता, पीएच.डी.साठी. संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात काही मुलींना रोज गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला आणि काहींना बाजारातून आणलेले नुसते शेंगदाणे. आधी आणि नंतर रक्त तपासलं. लाडू खाणाऱ्या मुलींचं रक्त जास्त वाढलेलं निघालं. तो निबंध परदेशात छापून आला. आमच्या कॉलेजातून परदेशात छापून आलेलं तेवढंच. त्या एका निबंधावर संस्थेनं सगळा संसार मांडला होता. प्रत्येक झेंडावंदनाला अध्यक्ष गुळाचा उल्लेख करत. जिल्ह्यात बाईंना गूळवाल्या बाई म्हणत. लोहारा, सास्तूरकडच्या शाळांतून त्यांना बोलावणी येत, आणि त्या जातही. खुर्चीवर बसून, शाल घेऊन, आपण काय पाहिलं तेवढंच सांगून परत येत. कुणी त्यात भर घातली तर पुसून टाकत. पण निबंधाचा त्यांना अभिमान होता. तो नव्हता असं मी म्हणणार नाही. बैठकीच्या खोलीत तो काचेच्या कपाटात होता, आणि त्या कपाटात दुसरं काही नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी अध्यक्षांनी ठरवलं की मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत गूळ संशोधन केंद्र काढायचं आणि त्याला बाईंचं नाव द्यायचं. संगमरवराची पाटी कोरायला सोलापूरला दिली. हे ऐकल्यावर त्याच आठवड्यात बाईंनी नवीन इरकल साडी घेतली, असं मालकांकडून कळलं.

नेमका त्याच वर्षी त्यांच्या गटानं गुळाचा आढावा घ्यायला घेतला. गुळानं रक्त वाढतं का, एवढाच प्रश्न.

आमच्या वाट्याला आलेलं वाचन बाईंनी दोघांना दिलं होतं. एक मी, दुसरे प्राणिशास्त्राचे सय्यद सर. स्टाफरूमच्या एका खिडकीवरून आमचं बोलणं बंद होतं. त्यांना ती उघडी लागायची, मला बंद. भांडण होऊन इतकी वर्षं झाली होती की मधल्या काळात खिडकीच्या बिजागऱ्या गंजून ती आपोआप अर्धी उघडी राहिली, तरी आम्ही बोलत नव्हतो. बाईंना हे वरदान वाटे. "तुमी दोघं बोलत न्हाय हे कॉलेजचं भांडवल हाय," त्या म्हणत. "परदेशातल्या लोकांना हे जमवायला दोन वेगवेगळ्या शहरांत माणसं ठिवावी लागतात."

दुपारी आम्ही त्यांच्या घरी जायचो. मी बैठकीच्या खोलीत, सय्यद सर आतल्या खोलीत. बाई आळीपाळीनं दोघांना चहा आणि कागद आणून द्यायच्या. एके दिवशी त्या माझ्याकडं एक निबंध घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून उभ्याच राहिल्या.

"हा माझा हाय," म्हणाल्या. "आपलाच प्रयोग आपण तपासायचा नसतो. मी भाईर बसते. तुमचं होईस्तर मला काही इचारू नका, आन् काय लिवलं ते सांगू नका."

आणि खरोखरच अंगणात जाऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती.

मी निबंध वाचला. मुली कमी होत्या, पण असतात. वाटणी कशी केली ते नीट लिहिलं नव्हतं, पण त्या काळात कुणीच लिहीत नसे. मी 'थोडी शंका' असा शेरा दिला आणि सुटलो असं वाटलं. तेवढ्यात आतून सय्यद सर बाहेर आले. त्यांनी 'वगळावा' असं लिहिलं होतं. मतभेद झाला. नियमाप्रमाणं आता आम्हाला बोलणं भाग होतं. एरवी न जुळल्यास तिसरा निकाल द्यायचा, आणि आमचा तिसरा माणूस अंगणात शेंगा फोडत होता.

सय्यद सरांनी खुर्ची ओढली. "एक बात सांगा सर," इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य त्यांनी असं टाकलं की जणू मधे चहाच प्यायला गेले होते. "गुळाचा पाक केला कशात?"

मी निबंध पुन्हा पाहिला. 'पारंपरिक पद्धतीनं', एवढंच होतं.

"आमच्या अम्मीचं रक्त कमी हाय. डॉक्टर म्हनला, भाजी लोखंडाच्या भांड्यात करा, त्यातलं लोखंड उतरतं. आता बघा, हा लाडू लोखंडी कढईत झाला असंल तर पोरींच्या पोटात गूळ बी गेला आन् कढई बी गेली. वाढलं कशानं? आन् दुसऱ्या पोरींना बाजारचे शेंगदाणे. त्यांना ना गूळ ना कढई."

मला ते लगेच पटलं, आणि पटलं म्हणूनच मी भांडलो. म्हणालो, भांड्याचं काही लिहिलेलं नाही, मग आपणच कशाला काढायचं? म्हणालो, सोलापूरला दगड कोरून होत आलाय. बाईंच्या आयुष्यातलं स्वतःचं असं संशोधन हे एकच आहे, ते त्यांच्याच घरात बसून आपण दोघांनी काढून टाकायचं?

सय्यद सर म्हणाले, "बाईंनी आपल्याला बसवलंय, भाई. पायजे असतं तर अध्यक्षाला नसतं का बसवलं?"

नियम असा आहे की निबंधात माहिती नसेल तर मूळ लेखकाला विचारायचं. आम्ही दोघं अंगणात गेलो. बाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला लेखिका म्हणून विचारतोय. लाडवाचा पाक कशात करायचे?"

मला आजही वाटतं की 'आठवत नाही' हे उत्तर तिथं तयार होतं. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. जगातला कुठलाही आढावा त्याला नाव ठेवू शकला नसता. आम्ही 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं असतं, निबंध आत राहिला असता, पाटी लागली असती.

बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. मग सय्यद सरांकडं बघितलं. मला वाटतं प्रश्न कुणाचा आहे ते त्यांना कळलं.

"लोखंडी कढईत," त्या म्हणाल्या. "वसतिगृहाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाक बुडाला लागायचा. म्हणून मी ईटहून बाबांची कढई आणली होती, खव्याच्या भट्टीवरची. लई जड. एसटीच्या टपावर टाकून आणली." मग म्हणाल्या, "ते निबंधात लिवायचं मला सुचलं न्हाय. आमच्या घरी कढई म्हंजे लोखंडीच असती. दुसरी असती हे कुणाच्या ध्यानात येतंय?"

त्या मूळच्या ईट गावच्या. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या घरोघर. ज्या घरात दूध आटवायची कढई माणसाच्या आधी धुतात त्या घरातल्या मुलीनं तो लाडू केला होता. दुसऱ्या कुणी केला असता तर पातेल्यातच केला असता, पाक लागला असता, आणि प्रयोग कदाचित चोख झाला असता.

आम्ही तिथंच उभे राहिलो. बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मग? उभं काय ऱ्हायलात? लिवा की. आन् मला सांगू नका."

आम्ही आत जाऊन 'वगळावा' असा एकच शेरा लिहिला. त्यांना नियमाप्रमाणं पुढचे बरेच दिवस तो कळला नाही. अर्थात तो आमच्या आधी त्यांना कळला होता.

त्या आठवड्यातली एक गोष्ट मालकांनी मला नंतर सांगितली. एक दिवस आमटीत मीठ दोनदा पडलं. वाटी ओसरीवर गेली, वाटी आतल्या खोलीत गेली. सासूबाई म्हणाल्या बरोबर आहे. मालक म्हणाले बरोबर आहे. एकमेकांना न विचारता. बाईंनी मग स्वतः चाखली आणि म्हणाल्या, "दोघांचं जुळलं म्हणून खरं न्हाय." मालक मला म्हणाले, "सर, त्या दिवशी मी पहिल्यांदा एकट्यानं ठरवलं. तरी बी आमचं दोघांचं एकच निघालं."

केंद्राचं उद्घाटन ठरल्याप्रमाणं झालं. मंडप, बँड, हार, दोन तास उशीर. संगमरवरावर जरीचं कापड होतं. बाई इरकल नेसून आल्या होत्या. अध्यक्षांनी गुळाची महती सांगितली, ज्यात उंदीरही येऊन गेले, आणि मग बाईंना बोलायला सांगितलं.

बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. एक ट्रक जाऊ दिला.

"मी इतकी वर्षं सांगत आले की आमच्या लाडवानं पोरींचं रक्त वाढलं. ते वाढलं होतं, खोटं न्हाय. पर गुळानं वाढलं का कढईनं वाढलं, ते माझ्या प्रयोगातनं सांगता येत न्हाय. कढई लोखंडी होती. चूक माझी हाय. जगातले सगळे प्रयोग एकत्र केले तरी आजच्या पुराव्यावरून गुळाबद्दल ठाम काही बोलता येत न्हाय. म्हणून ह्या दगडावर माझं नाव नको. उद्या पुरावा बदलला तर मला मत बदलता येतं. दगडाला येत न्हाय."

 मी सय्यद सरांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या आयुष्यात मी अनेक सत्कार पाहिले आहेत, शाली मोजायचं कधीच सोडून दिलं आहे. पण आमच्या कॉलेजात शिकवतो याचा छाती भरून अभिमान वाटावा असा प्रसंग तो एकच. एका बाईनं आपल्या जन्माची कमाई सगळ्या गावासमोर खाली ठेवली होती, आणि आवाज वर्गात असतो तसाच होता.

अध्यक्ष लगबगीनं उठले. माइक घेऊन म्हणाले, "पाहिलंत? केवढा हा विनय." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी त्यांच्या हातातून माइक परत घेतला.

"विनय न्हाय," त्या म्हणाल्या. "कढई."

यावर दुप्पट टाळ्या पडल्या. कापड दूर झालं, फोटो निघाले. बाईंनी लेखी नकार दिल्यावर महिन्याभरात तो दगड बदलला गेला आणि केंद्राला अध्यक्षांच्या वडिलांचं नाव मिळालं, ज्यांचा गुळाशी संबंध खाण्यापुरता होता. काचेच्या कपाटातला निबंध बाईंनी काढला नाही. फक्त पहिल्या पानावर पेनानं एक ओळ लिहिली : भांडं लोखंडी होतं. निवृत्त झाल्या तरी बाई तो निबंध घेऊन वर्गात येतात आणि तो कसा चुकला ते पोरांना शिकवतात. त्या तासाला ट्रक गेला तरी त्या वाक्य थांबवत नाहीत, आणि पोरं पुढं सरकून ऐकतात.

सय्यद सर आणि मी आता बोलतो. बाईंना ते फारसं आवडलेलं नाही. त्यांनी पुढच्या आढाव्यासाठी भूगोल आणि मराठी विभागातली एक जोडी हेरून ठेवली आहे.

गुळाचा आढावा यथावकाश प्रसिद्ध झाला. अध्यक्षांना कळलं की एका आंतरराष्ट्रीय प्रकाशनात आमच्या कॉलेजचं नाव छापून आलं आहे. त्यांनी ते पान ताबडतोब मागवलं. सय्यद सरांनी दिलं. अध्यक्षांनी त्यातल्या कॉलेजच्या नावाखाली लाल रेघ मारून घेतली आणि ते सोनेरी चौकटीत बसवून प्रवेशद्वारापाशी लावलं. पानाच्या माथ्यावर ठळक इंग्रजीत 'पुराव्यातून वगळलेले प्रयोग' असं छापलेलं आहे. मागच्या वर्षी कॉलेजच्या तपासणीला आलेल्या समितीनं त्या चौकटीसमोर उभं राहून फोटो काढला आणि अहवालात तिचं खास कौतुक केलं.